माशाच्या डोळ्यामागे

मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि माझी मुलगी घेवड्याच्या दाण्याएवढी झाली. लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर, दगडी सारसाच्या पलीकडे, पार चित्राच्या कडेला रस्ता वाकून आभाळात चढत होता. तिथे एक लाल ठिपका उभा होता आणि तो ठिपका म्हणजे टोव्हाचं जॅकेट होतं. रस्ता! मी किंचाळले. हातातला कॅमेरा सुटून गळ्यातल्या पट्ट्यावर आपटला, पायऱ्यांवर पेपर वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या, आणि माझ्या उजव्या गुडघ्याशी उकिडवी बसून माझ्या बुटाची नाडी सोडत असलेली टोव्हा दचकून रडायला लागली. हातभर अंतरावर होती ती. हातभरही नाही.

त्या किंचाळीची मला दिवसभर लाज वाटत राहिली आणि लाजेच्या खालून, का कोण जाणे, हसूही येत राहिलं. फिशआय लेन्सचा स्वभाव मला नवा नव्हता. मॅडिसनला कॉलेजात असताना मी तिच्यावर चांगला वीस पानांचा निबंध लिहिला होता. मधलं ते फुगवते, कडेचं ते पिटाळून लावते, जवळ बसलेल्या माणसाला परगावी धाडते. सरळ रेषा फक्त मधोमध गेली तर सरळ राहते, जरा बाजूला सरकली की धनुष्यासारखी वाकते. हे सगळं डोक्याला ठाऊक होतं. पोटाला मात्र कॉलेजात कुणी पाठवलेलं नव्हतं. पोटाने एवढंच पाहिलं की मूल लांब आहे आणि रस्ता जवळ. गेले सव्वीस महिने माझं पोटच सगळं ठरवत होतं. द्राक्ष दिसलं की त्याचे उभे चार तुकडे करायचे, खिडकी दिसली की कडी बघायची, जिना दिसला की पायऱ्या मोजायच्या. नव्या घरात पाऊल टाकलं की मला तिथली माणसं नंतर दिसतात, टेबलांचे कोपरे आधी दिसतात.

काम मागून घेतलं होतं ते मीच. गावाला दीडशे वर्षं होत होती आणि उद्यान खात्याचे जीन डुफेक गावातल्या उघड्यावरच्या अकरा शिल्पांची पुस्तिका काढणार होते. लेन्सही त्यांनीच दिली. अग्निशमन दलाने जळलेल्या खोल्यांचे फोटो काढायला ती कधीतरी घेतली होती, तिच्या डबीला अजून धुराचा वास येत होता.

"आजूबाजूसकट," जीन म्हणाले. "मागच्या पुस्तिकेत प्रत्येक शिल्प असं कापून काढलं होतं की वाटावं, सगळ्यांना एका भिंतीपुढे उभं करून पासपोर्टचे फोटो काढलेत. झाड येऊ दे, विजेचा खांब येऊ दे, कचऱ्याचा डबा येऊ दे. माणसं तेवढी नकोत. माणूस आला की त्याची सही आणा, आणि मग त्याच्या बायकोची तक्रार."

"बायकोची का?"

"त्या वेळी तो कामावर असायला हवा होता म्हणून."

घरी माझा नवरा कर्टिस म्हणाला, "तुला ही लेन्स कशाला? तू आधीच एकशेऐंशी अंशांत बघतेस." कर्टिस सरोवर ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर इंजिनखोलीत काम करतो, दिवसभर यंत्रांवर ओरडून बोलायची सवय, म्हणून घरातले विनोदही तो ओरडूनच करतो. मी म्हटलं, "कमी पडतात." तो म्हणाला, "मग उरलेले एकशेऐंशी माझ्यावर सोड की," आणि टोव्हाला उचलून उलटी धरली, तसा माझा हात आपोआप तिच्या डोक्याखाली गेला. तो हसला. मीही हसले, पण हात काढला नाही.

खरी अडचण मला पहिल्याच आठवड्यात कळली. समोरचं सगळं त्या लेन्सला दिसतं. डावा कान ते उजवा कान, आभाळ ते बुटाची टोकं, सगळं. म्हणजे टोव्हा फोटोत यायला नको असेल तर तिला ठेवायला या जगात एकच जागा उरते, माझ्या पाठीमागे. आणि नेमकी तीच एक जागा मला दिसत नाही. मी एक पट्टा आणला, लहान मुलांच्या छातीला बांधायचा, आणि त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलं. ताण असेल तर मूल आहे. ताण गेला तर मूल जवळ येतंय. हिसका बसला तर कबुतर. अशी आमची भाषा ठरली. दहा शिल्पं मी तशीच काढली. सारस, गिरणीचं चाक, ब्राँझचा पोस्टमन, सगळी, दर वेळी कमरेला एक जिवंत दोरी. पहिलं रीळ धुऊन आलं तेव्हा दुकानातला माणूस फोटो काउंटरवर मांडत गंभीरपणे म्हणाला, "शिल्पं छान आहेत. पण या बुटाची वेगळी पुस्तिका काढा." प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला माझ्या डाव्या बुटाचं टोक आलं होतं. नाडी सुटलेली. मी सगळं परत काढलं, या वेळी टाचा मागे दुमडून, बदकासारखी. आणि मजा अशी की त्या बदकाच्या अवस्थेत, कमरेला हिसके बसत असताना, मला फार बरं वाटायचं. गाव गोल होऊन माझ्यासमोर बसायचं. ज्या बँकेसमोरून मी हजारदा गेले असेन तिची भिंत पोस्टमनच्या खांद्यावर रेलायची, खांब त्याच्याकडे झुकायचे, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पोचल्यासारखा दिसायचा. मी श्वास धरून बटण दाबायची, आणि लगेच, बटण दाबल्याबद्दल शिक्षा म्हणून, मागे वळून बघायची.

अकरावं शिल्प उरलं. बंदरावरच्या टेकाडावर पोलादाच्या फासळ्या उभ्या आहेत, पालथ्या घातलेल्या जहाजासारख्या. अकरा कमानी, वर एक कणा, खाली गवत. पाटीवर नाव आहे 'आतून'. गाव त्याला बार्बेक्यू म्हणतं. ते लुएला कच्मारेकने केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, एकोणीस वर्षांची असताना, ती इथल्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगला लागली आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झाली. मग भंगारात काढलेल्या पोलादातून दोन उन्हाळे खपून हे उभं केलं. तेव्हापासून तिने एकाही फोटोला होकार दिलेला नाही. मागच्या पुस्तिकेत तिचं पान कोरं गेलं, वर नाव आणि खाली पांढरं. जीन म्हणाले, "या वेळीही जाईल. महिनाअखेर छापखान्यात द्यायचंय. तू फोन करून बघ, पण मनाला लावून घेऊ नकोस."

मी फोन केला.

"उभी राहून काढणार की बसून?" पलीकडून आवाज आला.

"बसून," मी म्हटलं. मला वाटलं, हे नम्र उत्तर आहे.

"मग नको," असं म्हणून लुएलाने फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण असतं, सगळं गाव असतं. ती एकटी टेबलाच्या टोकाला बसली होती, समोर तळलेला मासा, राय ब्रेड, कोबी. मोठे, जाड हात. मनगटापासून वर ठिणग्यांचे पांढरे ठिपके, जणू कुणीतरी पीठ शिंपडलंय. मी टोव्हाला घेऊन समोर जाऊन बसले. टोव्हा त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. लुएलाने पिशवीतून ताज्या चीजचा एक गोळा काढून तिच्यापुढे धरला, आणि तो टोव्हाच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत माझा हात गेला, मी त्याचे चार तुकडे केले.

"दात नाहीत का तिला?" लुएला म्हणाली.

"आहेत. सोळा."

"मग ते काय शोभेला दिलेत?" तिने दुसरा गोळा काढला, आणि माझ्याकडे बघत, सावकाश, अख्खा टोव्हाच्या हातात ठेवला. टोव्हाने चावला. दातांत तो कुई-कुई वाजला, ताजा असला की वाजतोच. टोव्हाने थांबून आपल्याच गालाला हात लावला, पुन्हा चावला, पुन्हा वाजला, आणि ती खदखदून हसली. मी तिच्या घशाकडे बघत होते. "आणि हा पट्टा कुठनं घेतलास? माझ्या कुत्र्यालासुद्धा इतका छान मिळाला नाही."

"तुम्ही नको का म्हणालात?" मी विचारलं. "बसून म्हटल्यावर."

"बसलेल्या माणसाला काय दिसतं? भिंत. उभ्याला काय दिसतं? तीच भिंत, जरा वरनं. आलेत ते सगळे उभे राहून, नाहीतर बसून. एकाने तर आत पिवळ्या झग्यातली मुलगी उभी केली. म्हणे, मोजमाप कळावं. मी म्हटलं, बाबा रे, आपली शिंप्याची टेप आण ना मग." तिने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मी बत्तीस वर्षं जहाज पाठीवर निजून बघितलं, पोरी. आत सरकायचं, पाठ खाली, ठिणग्या तोंडावर. बाहेरून जहाज कुणीही बघतं. आणि आत माणूस नको. मी ते रिकामं ठेवलंय. ज्याला यायचं त्याने आपलं आपण यावं, तिथे आधीच कुणी बसलेलं नको."

हॉलमधला गलका, तळणाचा वास, टोव्हाच्या दातांतलं कुई-कुई, आणि माझ्या डोक्यात एकाएकी ती लेन्स आभाळाकडे वळली. कॅमेरा आडवा, पाठीवर निजलेला. वर तोंड. मग तिला काय दिसेल? सगळं. वर कणा मधोमध सरळ जाईल, अकरा कमानी दोन्ही अंगांनी वाकून मिटत येतील, आणि सगळ्याच्या भोवती, बांगडीसारखं, अख्खं क्षितिज; एकीकडे सरोवर, एकीकडे धान्याचं कोठार, चर्चचा मनोरा, कारखान्याच्या क्रेन. मी कागदी रुमालावर काढून दाखवलं. रेघा माझ्या चुकत होत्या, इतका आनंद झाला होता मला. लुएलाने रुमाल फिरवून फिरवून पाहिला. "हं," ती म्हणाली. "उद्या सकाळी ये. आधी मी बघणार, मग तू."

रात्री टोव्हाला निजवताना मला उरलेलं लक्षात आलं. लेन्स वर तोंड करून असेल तर पाठीमागची जागा म्हणजे जमीन. मूल जमिनीखाली ठेवता येत नाही. टेकाडावर, फासळ्यांच्या आत, बाहेर, कुठेही ती उभी राहिली तरी त्या बांगडीत येणारच, एवढासा का होईना लाल दाणा. तिला टेकाडाच्या खाली जावं लागेल. उतारावरून चाळीस पावलं, माझ्या नजरेच्या पलीकडे.

पलीकडे ती कधी गेलीच नव्हती. ती सहा आठवडे आधी जन्मली. एकतीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि एकतीस दिवस मी त्या पेटीशेजारी खुर्चीत होते. नर्स म्हणायची, जा, सूप पिऊन ये, आम्ही आहोत ना. त्या होत्या, यंत्रं होती, सगळे होते. पण मी तिच्या छातीकडे बघायची, ती वर जायची, आणि मी बघते म्हणून ती वर जाते, हे मला इतकं स्पष्ट कळलं होतं की त्याबद्दल कुणाशी बोलायची गरजच वाटली नाही. एकदा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती श्वास घेत होती. शहाण्या बाईने त्यावरून काय समजायचं ते समजायला हवं होतं. मी समजले ते असं, की या वेळी वाचलो. कर्टिसलाही हे कधी सांगितलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही. फक्त मी अंघोळीला जाते तेव्हा दार उघडं ठेवते, आणि तो टोव्हाला घेऊन दारासमोरच्या जमिनीवर येऊन बसतो, मला दिसेल असा, आणि आपण तिथे सहज बसलोय असं दाखवत तिच्याशी ठोकळे खेळतो.

सकाळी तोच म्हणाला, "मी येऊ का? बोट दुपारची आहे."

"नको," मी म्हटलं आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. तो टोव्हाबरोबर असला असता तर मी मनाने त्याच्या डोळ्यांत जाऊन बसले असते आणि तिथून बघत राहिले असते.

टेकाडावर दव होतं. लुएला आधीच आलेली, कामावरचा जुना डगला घालून. मी दुधाच्या बाटल्यांचा क्रेट पालथा ठेवला, त्यावर कोरडे वाटाणे भरलेला एक मोजा, मोज्यावर कॅमेरा, पाठीवर. लुएला गुडघे मोडत, शिव्या देत, क्रेटशेजारी आडवी झाली. आरसा धरून व्ह्यूफाइंडर बघायची माझी युक्ती तिने हातानेच दूर सारली. कॅमेरा सरळ उचलला, डोळ्याला लावला आणि पाठीवर निजली. टोव्हाला वाटलं हा खेळ आहे, तीही निजली. मग मीही. आम्ही तिघी त्या पोलादाखाली एका ओळीत पडलो होतो आणि वर सीगल ओरडत होते.

 कॅमेरा लुएलाच्या चेहऱ्यावर तसाच होता, खाली नुसती हनुवटी दिसत होती. मग ती हनुवटी हलली. "ही चौथी," ती म्हणाली, "ही मी अंदाजाने वाकवली होती. मला वाटायचं चुकली." जरा थांबून म्हणाली, "नाही चुकली." कॅमेरा खाली आला तेव्हा तिचे डोळे ओले होते की काय ते मला कळलं नाही, कारण तिने लगेच बाहीने सगळं तोंडच पुसलं. "काढ. पण तो सूर्य आत येतोय, तुझा फोटो जाळून टाकेल."

"चौथ्या फासळीमागे जाईल," मी म्हटलं. "सव्वाआठला. तिची सावली लेन्सवर पडेल तेवढा वेळ काढायचं. पंधरा मिनिटं."

"आणि आम्ही?"

 टोव्हा गवताचं पातं नाकात घालू पाहत होती.

"खाली बबलर आहे, तो तोंडाशी पाणी उडवणारा नळ," लुएला म्हणाली. "पाणी पिऊन येतो आम्ही. काय गं ए सोळा दातांच्या पोरी, बबलर बघायचा?"

"बब्ल," टोव्हा म्हणाली.

"तो नळ बंदराच्या भिंतीपासून किती—" मी सुरुवात केली.

"साठ पावलं. मध्ये कठडा. कठड्याला जाळी. जाळी मी बसवलीय." तिने आपला तो जाड, ठिपक्यांचा हात खाली सोडला आणि तसाच ठेवला. टोव्हाने त्याचं एक बोट धरलं. एकाच बोटात तिची मूठ भरली. "पट्टा काढ," लुएला म्हणाली. "मला कुत्र्यासारखं फिरवता येत नाही कुणाला. माझं कुत्रंसुद्धा माझ्या मागे येतं ते चीजसाठी."

मी पट्टा काढला. बकल घट्ट होतं, माझी बोटं गार होती, त्याला वेळ लागला. पट्टा निघाल्यावर टोव्हाच्या जॅकेटवर त्याची चुरगळलेली खूण राहिली होती, ती मी तळव्याने दोनदा सरळ केली. मग त्या दोघी निघाल्या. उताराच्या काठावर आधी टोव्हाचे पाय गेले, मग जॅकेट, मग केस, मग लुएलाचं पाठमोरं डोकं, आणि मग तिथे नुसतं सरोवर होतं.

सावली यायची होती. मी क्रेटच्या बाजूला पालथी झाले, गाल गवताला टेकला. डोकं वर केलं की फोटोत येणार, म्हणून डोकं वर करायचं नाही; हात तेवढा वर न्यायचा, लेन्सच्या खालून, रीळ पुढे ओढायला. दुसऱ्या हातात शटरची तार. डोळ्यासमोर गवताची पाती, त्यांवरचं दव, आणि दवाच्या प्रत्येक थेंबात वाकलेल्या अकरा कमानी, इतक्या बारीक की मोजता येऊ नयेत. म्हणजे लेन्स एक नव्हतीच तिथे, हजार होत्या. मी सेकंद मोजायला लागले. ठरवलं होतं, नऊशेपर्यंत मोजायचं. साठाला एक मिनिट. पन्नाशीला टोव्हाचा आवाज आला, काहीतरी हट्टाचं. साठ, सत्तर. मग आवाज गेला. नव्वदला मला पाणी दिसलं, बंदराच्या भिंतीखालचं हिरवं, तेलकट पाणी, त्यात लाल. शंभरला मी जाळीची भोकं आठवून पाहिली, केवढी असतात जाळीची भोकं. एकशेवीसला लुएलाचं वय. एकशेतीसला तिचं हृदय, ते बंद पडलं आणि ती खाली बसली आणि टोव्हा एकटी. माझं पोट ही चित्रं भराभर काढत होतं, एकामागून एक, आणि एकाही चित्रात बुटाचं टोक येत नव्हतं, इतकी सफाईदार होती ती. एकशेएकेचाळीस. मग काचेवर अंधार आला. म्हणजे लेन्सवर. चौथ्या फासळीची सावली काठावरून सरकत येऊन तिच्या फुगीर डोळ्यावर बसली होती, पापणी मिटल्यासारखी.

मी तार दाबली. रीळ ओढलं. जास्त उजेडाचा एक, कमी उजेडाचा एक. एक माणूस कुत्र्याला घेऊन टेकाडाच्या पलीकडून चालला होता, त्याच्या बुटांचा आवाज मला जमिनीतून ऐकू येत होता. तो जाईपर्यंत थांबले. ढगाचा एक तुकडा कण्यावर आला असणार, कारण गवतावरचं ऊन एकदम मऊ झालं, दाबली. एक सीगल फासळीवर बसला, त्याची सावली माझ्या हातावर पडली, पिसं हलवताना दिसली. त्याला मी फोटोत येऊ दिलं आणि दाबली. मला वाटलं, याला मात्र सही मागायला नको. सातव्या फासळीच्या आतल्या अंगाला गंजाचा एक पट्टा उतरला होता, नारिंगी, ओला, आणि ऊन जसं तिरपं होत गेलं तसा तो पेटत गेला. तो लेन्सला कसा दिसत असेल, किती वाकला असेल, क्रेनच्या तांबड्या रंगाशी त्याचं काही जुळत असेल का, उजेड अर्ध्याने कमी करावा का, म्हणजे तो नुसता तापलेल्या तारेसारखा उरेल, वेल्डिंग करताना दिसत असेल तसा, एकोणीस वर्षांच्या मुलीला, पाठीवर निजून. मी उजेड कमी केला. दाबली. अजून कमी. दाबली. मातीचा वास नाकात भरला होता, गाल ओला होऊन गार पडला होता, खांदा अवघडला होता, आणि माझ्या अंगात कुठेही, कुठल्याही कोपऱ्यात, मला ओढणारं काहीही नव्हतं. मी गुणगुणत होते. ते गुणगुणणं ऐकून मला कळलं की मी मोजायची थांबले आहे.

केव्हा थांबले? एकशेएकेचाळीस. त्यानंतर आकडा नव्हता. त्यानंतर टोव्हा नव्हती. मी तिला धरून ठेवली नव्हती, कुठेच, मनातही नाही. पाच मिनिटं, दहा, कुणास ठाऊक किती, या जगात ती माझ्या बघण्यावाचून होती, आणि मी तिच्यावाचून. भीती आली, पण उशिरा आलेल्या माणसासारखी, धापा टाकत, जेवणं आटोपल्यावर. मानेचे स्नायू आपोआप ताठरले. डोकं गवतावरून उचललं गेलं, दोन बोटं, तीन बोटं. 

आणि खालून, उताराच्या पलीकडून, टोव्हा ओरडली. "अजून!" मग पाण्याची चिळकांडी, लुएलाचं "अगं ए, माझा डगला!" आणि पुन्हा, त्याहून मोठ्याने, "अजून!"

ती हाक मला नव्हती. तिच्या आवाजात मला शोधणारं काहीच नव्हतं. तिला पाणी हवं होतं, वर उडणारं. मी तशीच राहिले, मान अर्धवट उचललेली. मला हसू येत होतं. माझी मुलगी कुणा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे, माझ्या पाठीमागे, भिजून चिंब होत होती, आणि तिचं उत्तम चाललं होतं.

कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तिसांपैकी चौतीस दाखवत होता. सावली अजून काचेवर होती, तिची कड उजळायला लागली होती. मी गाल पुन्हा गवताला टेकला, हात लेन्सखालून वर नेला, रीळ ओढलं आणि तार दाबली. खालून चिळकांडीचा आवाज आला. मी पुन्हा रीळ ओढलं. अजून एक.